सुळ्यापर्यंत

५ जानेवारी

आज दंतमंजनाचा पहिला घाणा मी एकट्याने केला. कांडणे आणि चाळणे मी नववीत शाळा सोडल्यापासून करतो आहे, पण मंजनावर शेवटचा हात बाबांचा असायचा. आता बाबा नाहीत. त्यांनी कधी काही लिहून ठेवले नाही आणि माझा माझ्या स्मरणावर भरवसा नाही, म्हणून आजपासून रोज लिहायचे ठरवले आहे. काका म्हणाले, "शब्दकोश उशाशी घेऊन झोपणारा माणूस आहेस, लिही बाबा, लिही." काकांना खोडी काढायची सवय आहे.

घाण्यात काय असते ते मला पाठ आहे. बाभळीची साल, माजुफळ, हिरडा, लवंग, तुरटीची लाही, बदामाच्या टरफलांचा कोळसा आणि अक्कलकाऱ्याचे मूळ. सैंधव सगळ्यात शेवटी, चाखून झाल्यावर. मीठ जिभेला फसवते, असे बाबा म्हणत.

अवघड फक्त अक्कलकारा आहे. बाकीच्या गोष्टी तराजूवर होतात, तो होत नाही. एका पोत्यातले मूळ तिखट निघते, दुसऱ्यातले मवाळ. म्हणून चाखावे लागते. चिमूटभर पूड खालच्या ओठाच्या आत, हिरडीवर ठेवायची आणि थांबायचे. बधिरपणा पुढच्या दातांपासून सुरू होतो. तो सुळ्यापर्यंत यावा आणि तिथे थांबावा. अलीकडे राहिला तर अक्कलकारा कमी पडला. दाढेपर्यंत गेला तर जास्त झाला. बाबा बरोबर जमले की "सुळ्याला थांबलं" एवढेच म्हणत आणि उठत.

आज मी चिमूट ठेवली आणि थांबलो. काही झाले नाही. ओठ नुसता ओठ होता. मूठभर अक्कलकारा आणखी घालून परत चाखले. नाही. पुन्हा घातला. शेवटी कधीतरी समोर किंचित काहीतरी झाल्यासारखे वाटले, तेव्हा थांबलो. मूळ जुने, किडके असणार.

दवाखान्यात बाबा शेवटचे नीट बोलले ते हेच. म्हणाले, "चाखायला एकटा बसू नकोस." पूड घशात गेली तर ठसका लागून जीव घाबरा होतो, म्हणून म्हणाले असतील. मी मागच्या खोलीचे दार उघडे ठेवले आणि रेडिओ लावला.

७ जानेवारी

जडीबुटीवाल्याकडे गेलो. त्याचे दुकान म्हणजे बोळातली एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना पोती, मधून एका माणसाला आडवे होऊन जाता येईल एवढी वाट. बाबांना तो 'मोठे मंजन' म्हणायचा आणि मला 'छोटे मंजन'. आज नुसते "ये" म्हणाला.

मी म्हटले, "अक्कलकारा जुना दिलात."

"मी? जुना?" त्याने पोत्यातून एक मूळ काढले, कडकन मोडले, अर्धे स्वतःच्या तोंडात टाकले आणि अर्धे मला दिले. "चाव."

मी चावले. लाकूड चावल्यासारखे वाटले. त्याच्या तोंडाला मात्र लाळ सुटली. रुमाल तोंडाला लावून तो बोबडे बोलायला लागला. "बघ, बघ माझी अवस्था! हा जुना? हा माझ्या बायकोपेक्षा तिखट आहे."

मी म्हटले, "मला तर काही होत नाही."

त्याने रुमाल काढला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाप गेल्यापासून नीट जेवतोस का रे?"

याचा अक्कलकाऱ्याशी काय संबंध, ते कळले नाही. दुसऱ्या पोत्यातले मूळ घेऊन आलो. तो मुळे चांगली निवडून देतो, पण गिऱ्हाईकाचे ऐकून घेत नाही.

१० जानेवारी

दुसरा घाणा. नवीन मूळही मवाळच निघाले. पुष्कळ घालावे लागले.

रात्री जेवताना काकांनी पहिलाच घास ताटात परत ठेवला. "वहिनी, आज आमटीत मीठ नाही."

आईने तोवर हातच लावला नव्हता. तिने एक थेंब जिभेवर घेतला आणि म्हणाली, "खरंच की. विसरले." मग माझ्या ताटाकडे पाहिले. माझी वाटी रिकामी होती.

"तुला कळलं नाही?" काकांनी विचारले.

मी म्हटले, चालते. कमी मीठ तब्येतीला चांगले असते. काका म्हणाले, "कमी नाही रे, अजिबात नव्हतं." आईने मिठाची बरणी माझ्यापुढे सरकवली. वाटी संपली होती, म्हणून मी ती परत जागेवर ठेवली.

११ जानेवारी

विशेष काही नाही. चहा पाण्यासारखा लागला. साखर संपत आली असावी.

१४ जानेवारी

आई मागच्या खोलीत येत नाही. पूर्वी यायची. बाबा चाखायला बसले की ती चहा चुलीवर ठेवून आत यायची आणि भिंतीजवळच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसायची. दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. लहानपणी मला वाटायचे, यांचे नेमके त्याच वेळी भांडण होते. चहा उकळून वर यायचा, मग आई उठायची आणि सगळे पुन्हा पूर्ववत व्हायचे. भांडण कशावरून होते, ते मी कधी विचारले नाही.

बाक रिकामाच असतो, म्हणून आज मी त्यावर रिकाम्या डब्यांच्या थप्प्या लावल्या. जमिनीवर ओल येते, झाकणे गंजतात. आई कपडे वाळत घालायला जाताना दारात थांबली, बाकाकडे पाहिले आणि निघून गेली. मी विचारले, "काही हवंय का?" ती म्हणाली, "नाही रे. ठेव."

परसातल्या दोरीवर बाबांचा सदरा आज पुन्हा धुऊन टाकलेला दिसला. तो तर स्वच्छच होता.

१७ जानेवारी

सकाळीच हवालदारकाका आले. ते निवृत्त आहेत आणि गेली कित्येक वर्षे आमचेच मंजन लावतात. त्यांनी डबा फळीवर आपटला.

"छोटे मंजन, हे मंजन आहे की शस्त्रक्रियेच्या आधी देतात ते?"

"काय झालं?"

"काय झालं विचारतो! दात घासले आणि चहा प्यायला बसलो. अर्धा चहा पोटात, अर्धा शर्टावर. बायको म्हणते, म्हातारपण आलं तुम्हाला. मी म्हटलं, म्हातारपण असं एका सकाळी येत नसतं, ते आधी चार वेळा दार वाजवतं. मग आरशात बघतो, तर ओठातून रक्त. स्वतःचाच ओठ चावत बसलो होतो, मला पत्ताच नाही! आयुष्यभर लोकांना फटके दिले, पण माझ्याच घरात मला कोण मारून गेलं, ते कळेना."

काका हसायला लागले. हवालदारकाकाही हसले. मीही हसलो.

मग ते म्हणाले, "तुझा बाप असता तर चार शिव्या घातल्या असत्या. तुला काय घालू?" आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. मी नवीन डबा देत होतो, तो घेतला नाही.

वयाने हिरड्या नाजूक होत असाव्यात. खात्री करायला त्यांच्या डब्यातले मंजन चाखले. काही नाही. परत चाखले. नाही.

१९ जानेवारी

आणखी डबे परत आले. नाक्यावरचा दुकानदार म्हणाला, "लोक तक्रार करतात, मी काय सांगू? तोंड जड होतं म्हणतात." मी म्हटले, मूळ मवाळ आहे, जड कसे होईल? मी काहीतरी वेड्यासारखे बोललो अशा नजरेने तो माझ्याकडे पाहू लागला.

संध्याकाळी काकांनी मला आणि आईला समोर बसवले. त्यांच्या हातात कारखान्यातल्या मंजनाची पुडी होती. पांढरे शुभ्र, पुदिन्याचा वास, बोटाला लावले तर फेस.

"मी वाईट सांगत नाही," काका म्हणाले. "दादाचा हात दादाबरोबर गेला. आता याच्याकडून होत नसेल तर त्यात त्याचा दोष नाही. हे तयार मिळतं. पोती आणायची, आपल्या डब्यात भरायची, आपलं झाकण लावायचं. लोकांना फेस हवा असतो. महिनाअखेरपर्यंत बघू. डबे परत येणं थांबलं तर उत्तम. नाही थांबलं तर कांडणयंत्र विकून टाकू आणि ती खोली रिकामी करू."

मी म्हटले, "तुम्ही एकदा चाखून सांगा ना, माझं कुठे चुकतंय."

"मला काय चाखायला लावतोस? माझे दात बरणीत असतात. सुळा कुठे आणि दाढ कुठे, ते बरणीला विचार."

मी आईकडे पाहिले. ती त्या पांढऱ्या पुडीकडे पाहत होती. "वहिनी, तुम्ही काय म्हणता?" काकांनी विचारले. आई म्हणाली, "मला कोणी विचारलंय कधी?" काकांना वाटले, ती होकार देते आहे. मलाही तसेच वाटले.

खोली रिकामी होईल, या विचाराने मला काहीतरी वाटायला हवे होते. मी वाट पाहिली. काही वाटले नाही. यंत्राला तेल घातले आणि झोपलो.

२१ जानेवारी

आज जे घडले ते नीट, क्रमाने लिहितो.

दुपारी दातांच्या डॉक्टरबाईंनी बोलावणे पाठवले. त्यांचा दवाखाना रस्त्यापलीकडे, घड्याळे दुरुस्त करणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर आहे. बाबांचे आणि त्यांचे चांगले जमायचे. बाबा त्यांना 'पक्कडबाई' म्हणत आणि त्या बाबांना 'पुडीवाले'. कुणाच्या हिरड्यांतून रक्त येत असले तर त्या म्हणत, "आधी दात साफ करून घ्या, मग त्या पुडीवाल्याचं मंजन लावा." कुणाची दाढ ठणकत असली तर बाबा त्याला मंजन देत आणि सांगत, "ही पुडी फक्त आजच्या रात्रीपुरती. उद्या पक्कडबाईंकडे जा."

मी वर गेलो तेव्हा खुर्चीत शिवणवाल्या मावशी बसल्या होत्या. त्या आमच्या गल्लीत शिवणकाम करतात. मी आधी त्यांना ओळखलेच नाही. अर्धा चेहरा सुजून डोळा बारीक झाला होता आणि सूज जबड्याखाली उतरली होती.

डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर त्यांना विचारले, "मावशी, दाढ दुखत होती ना? मग आला का नाहीत?"

"दुखतच नव्हती ना, म्हणून नाही आले." त्यांना तोंड नीट उघडता येत नव्हते. "पहिल्या दिवशी ठणकली. मग याचं मंजन दाबून ठेवलं. एकदम गप्प. पुन्हा कुरकुरली की पुन्हा दाबलं. माझं शिवण चालूच होतं. मला वाटलं, बरी झाली."

त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवायला गाडी बोलावली होती. ती आली, त्या गेल्या. जाताना माझ्या गालाला हात लावला. त्यांचा हात तापाने गरम असणार. मला तो नुसता हात वाटला.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "बस."

मी बसलो.

"मुळाशी पू झाला होता. आत पसरत होता आणि बाईला पत्ता नाही. आणखी थांबल्या असत्या तर सूज गळ्यात उतरून श्वास कोंडला असता. तुझ्या बाबांचं मंजन मी इतकी वर्षं चालवून घेतलं, का माहीत आहे? ते ठणका कमी करायचं, पण मिटवायचं नाही. पहाटेपर्यंत ठणका परत यायचा. माणूस शिव्या देत का होईना, सकाळी माझ्या दारात असायचा. तुझं मंजन ठणका परत येऊ देत नाही. दुखणं आत चालूच राहतं आणि माणसाला कळत नाही."

मी म्हटले, "सुळ्यापर्यंत."

"काय?"

"बाबा म्हणायचे, सुळ्यापर्यंत. दाढेपर्यंत जाऊ द्यायचं नाही. मला वाटायचं, ती त्यांची पद्धत आहे. त्याला असं कारण असेल, हे माहीत नव्हतं."

त्यांनी विचारले, "तू चाखलंस की नाही?"

"चाखलं. पुष्कळ वेळा."

"पुष्कळ म्हणजे किती?"

"लागेपर्यंत."

"आणि लागलं?"

"नाही."

त्यांनी मला त्याच खुर्चीत मागे झोपवले, दिवा लावला आणि खालचा ओठ उलटा केला. मी म्हटले, मला काही होत नाहीये. "तेच बघते आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हातातला आरसा मला दिला. ओठाच्या आतली कातडी पांढरी पडली होती, मध्ये मध्ये लाल जखमा होत्या. त्यांनी एक टोकदार सळई तिथे टेकवली.

"लागतंय?"

"काय?"

त्यांनी सळई बाजूला ठेवली. म्हणाल्या, एका चाखण्याने बधिर झालेल्या तोंडात दुसरी चिमूट, त्यावर तिसरी. तोंडाला काही कळायला वेळच मिळाला नाही. आता काही दिवस चाखणे पूर्ण बंद, गरम चहा बंद, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. हे सगळे मला पटले. कारण स्पष्ट आहे. पण त्यांनी पुढे विचारले, "पण पहिल्या दिवशी तर तोंड चांगलं होतं ना? तेव्हा कसं कळलं नाही?"

मी आठवून सांगितले, "पहिल्या दिवशीही लागलं नव्हतं."

"तो कोणता घाणा?"

"बाबा गेल्यानंतरचा पहिला."

त्यांनी दिवा बंद केला. हात धुतले. बराच वेळ धुतले. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "घरी जेवतोस ना नीट?"

सगळे हेच का विचारतात, कळत नाही.

२२ जानेवारी

काका आणि मी स्कूटरवरून सगळीकडे फिरलो आणि दिलेले डबे परत आणले. काका प्रत्येक दारात स्वतः बोलले. "चूक आमच्या घरची आहे, डबा द्या." मी बोलायला लागलो की मला मागे सरकवत. एका ठिकाणी एक गृहस्थ म्हणाले, "पोराला अक्कल नाही का?" काका म्हणाले, "अक्कल आहे, अक्कलकारा जास्त झाला." बाहेर आल्यावर मात्र स्कूटर सुरू न करता नुसते उभे राहिले. 

सगळे मंजन परसात खड्डा करून पुरले. वास लवंगेचा येत असावा, शेजारीण तसे म्हणाली.

काका म्हणाले, "मी कारखान्याला कळवून टाकलं. महिनाअखेरीला पोती येतील." मी हो म्हटले.

२४ जानेवारी

आईला अजून काही सांगितले नव्हते. आज ती भांडी पुसत होती, तेव्हा मावशींचे आणि माझ्या ओठाचे सगळे सांगितले. तिने माझा ओठ स्वतः उलटा करून पाहिला. तिचा हात ओला होता.

"तू एकटाच चाखत होतास?"

"मग कोण असणार?"

"बाबांनी काही सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. एकटा बसू नकोस म्हणाले. मी दार उघडं ठेवलं होतं. रेडिओही लावला होता."

आई माझ्याकडे पाहत राहिली. आणि एकदम हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. "दार उघडं ठेवलं होतं म्हणे! रेडिओ लावला होता म्हणे!" असे म्हणत मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू होता. भांडी तर पुसून झाली होती.

२६ जानेवारी

गुळण्या करताना आज झोंबले. डॉक्टरबाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "छान." दुखण्याला छान म्हणणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

शिवणवाल्या मावशींना भेटायला रुग्णालयात गेलो. दाढ काढली, पू काढला, आता धोका नाही. गालाला पट्टी आहे. मला पाहून म्हणाल्या, "ये रे, माझ्या मारेकऱ्या."

मी मान खाली घातली.

"अरे, गंमत केली. बस इथे. तुझ्या बापाचं मंजन कळ कमी करायचं, पण सकाळी पुन्हा रडवायचंच. तुझ्या मंजनाने मला गोडीगुलाबीने झोपवलं. मला वाटलं, पोरगं बापाच्या पुढे गेलं." मग पट्टी सावरत म्हणाल्या, "पांढरी पोती येणार म्हणे तुमच्याकडे?"

"हो."

"मग मी कोळशाने दात घासीन. त्या फेसाला हात लावणार नाही, सांग तुझ्या काकाला."

२९ जानेवारी

संध्याकाळी मागच्या खोलीतून आवाज आला म्हणून गेलो. आई बाकावरचे डबे उतरवून जमिनीवर रचत होती. खाली फळी टाकली होती, ओल लागू नये म्हणून. बाक ओल्या फडक्याने पुसला. मग म्हणाली, "उद्या सकाळी घाणा काढ. छोटा काढ. अक्कलकारा मी सांगेन तेवढाच."

मी विचारले, "तुला माहीत आहे?"

"मला एकटीला माहीत नाही. तुझ्या बाबांना एकट्यांना माहीत नव्हतं. त्यांना कायम वाटायचं कमी झालं, मला वाटायचं जास्त झालं. मग पुन्हा चाखायचो. दोघांचं जुळलं की थांबायचो. एका जिभेचा भरवसा नसतो रे. ताप असला, झोप झाली नसली, मनात काही असलं, की जीभ खोटं सांगते. आणि ज्याची त्याला ते कळत नाही."

"मग तुम्ही बोलत का नव्हता? मला वाटायचं भांडण झालंय."

"तोंड बधिर झाल्यावर बोलणार कसं? आणि बोलायचं तरी काय? दिवसभरात तेवढंच काय ते निवांत बसणं."

मी विचारले, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

आई फडके पिळत होती. म्हणाली, "मला या बाकाकडे बघवत नव्हतं. आणि तुला मला विचारायचं सुचलं नाही."

हे दोन्ही बरोबर आहे.

३० जानेवारी

सकाळी पांढरी पोती घेऊन टेम्पो दारात उभा राहिला. काका हिशेबाचा कागद घेऊन बाहेर गेले. आईने खिडकीतून हाक मारली, "भाऊजी, पोती जरा वेळ टेम्पोतच राहू देत."

"का हो वहिनी?"

"चहा उकळेपर्यंत."

काका दारात आले, आत पाहिले, आणि तिथेच उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

घाणा तयार होता. साल, माजुफळ, हिरडा, लवंग, लाही, कोळसा आणि आईने सांगितला तेवढाच अक्कलकारा. मला तो फारच कमी वाटला, पण वर आणखी घातला नाही. डॉक्टरबाईंनी कालच ओठ पाहून एकदा चाखायची परवानगी दिली होती. एकदाच, असे दोनदा म्हणाल्या होत्या.

आई बाकावर बसली. भिंतीकडची जागा सोडून, अलीकडे. मी उभाच होतो. ती म्हणाली, "बस ना तिथे." मी भिंतीकडे बसलो. बाक तिथे थोडा खोलगट झाला आहे, हे मला माहीत नव्हते.

"आत्ता बोलायचं ते बोलून घे," आई म्हणाली. "नंतर जीभ जड होते."

मला काही बोलायचे नव्हते.

तिने चिमूट घेतली, मीही घेतली. ओठाच्या आत ठेवली आणि बसलो. रेडिओ बंद होता. दाराबाहेर काकांच्या वहाणांची चुळबुळ ऐकू येत होती. टेम्पोवाल्याने एकदा भोंगा वाजवला. आधी काहीच झाले नाही. मला वाटले, झाले, आता टेम्पोवाला पोती उतरवणार. मग ओठाच्या मधोमध मुंगी चालल्यासारखे झाले. मुंगी एका दातावरून दुसऱ्या दातावर गेली. मी आईकडे पाहिले. तिने डोळे मिटले होते. मुंगी सुळ्यापाशी आली आणि थांबली. मी आणखी वाट पाहिली. दाढेकडे गेली नाही.

आईने डोळे न उघडता बोट स्वतःच्या सुळ्यावर ठेवले. मीही माझ्या सुळ्यावर ठेवले. तिला दिसले नसेल म्हणून तिच्या हाताला हात लावून दाखवले. तिने माझा हात तसाच धरून ठेवला.

बराच वेळ बसलो होतो. स्वयंपाकघरातून चहाचा वास आला. चहाला वास असतो, हे मी विसरलो होतो. मग तोंडात खारट लागले. आधी थोडे, मग पुष्कळ. मी घाबरलो. जीभ जड झाली होती, तरी म्हटले, "आई, सैंधव जास्त पडलंय."

आईने डोळे उघडले. तीही बोबडे बोलत होती. "सैंधव अजून घातलेलंच नाही."

मी फळीकडे पाहिले. सैंधवाची बरणी जागेवर होती, झाकण घट्ट लावलेले. खरेच घातले नव्हते. तरीही खारट लागतच होते, थांबत नव्हते.

आईने तळहाताने माझी हनुवटी पुसली. मग गाल पुसले. मी म्हटले, "अक्कलकाऱ्याने लाळ सुटते."

"हो," आई म्हणाली. "सुटू दे."

दारात काकांच्या वहाणा वाजल्या. ते आत आले नाहीत. बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला काहीतरी म्हणाले, तो वाद घालू लागला, काकांचा आवाज चढला. मग टेम्पो सुरू झाला आणि पोत्यांसकट निघून गेला. चहा उतू गेल्याचा वास आला, तरी आई उठली नाही.

आई म्हणाली, "सुळ्याला थांबलं."

मी म्हटले, "थांबलं."

सैंधव संध्याकाळी घातले, तराजूवर. पहिला डबा शिवणवाल्या मावशींसाठी वेगळा ठेवला आहे. रात्री जेवताना आमटी मला खारट वाटली. तसे म्हटले, तर काका म्हणाले, "बरोबर आहे. जास्त झालंय खरं."